चौथ्या सीटपुरतं सरका : ऑनलाइन वर्गातल्या चर्चेत भाग कसा घ्यायचा

रविवारी रात्री अकरा चाळीसला आमच्या वर्गातल्या चर्चेला भरती यायची. आठवडाभर तिथे चिटपाखरू नसायचं. मुदत संपायला वीस मिनिटं उरली की धडाधड पोस्टी पडायच्या. "खूप छान मुद्दा मांडलात." "अगदी सहमत." "उपयुक्त माहिती, धन्यवाद." बारा वाजले की पुन्हा सामसूम.

मीही त्यातलीच. राहायला भांडुप, नोकरी फोर्टात, आणि त्यातून वेळ काढून सांख्यिकीचा वर्षभराचा ऑनलाइन अभ्यासक्रम. चर्चा म्हणजे गृहपाठाला जोडलेली शेपटी, असं मी पहिले दोन महिने धरून चालले होते. पुढच्या वर्षी नव्या तुकडीला चर्चेची मदतनीस म्हणून मला बसवलं. दर आठवड्याला साठ-सत्तर जणांचं लिखाण वाचायला लागल्यावर दिसलं की बहुतेकांचं एकाच जागी चुकतं. आपल्याला किती समजलंय हे दाखवायला माणूस लिहितो, आणि वाचणाऱ्याला त्यापुढे काही बोलायला जागाच उरत नाही.

लोकलच्या बाकावर तिघी बसलेल्या असतात. चौथी येऊन उभी राहिली की कुणी काही न बोलता जरा सरकतं. अर्धीच टेकते ती, पण टेकते. पोस्ट लिहिताना तेवढं सरकायचं. खाली जे सांगतेय ते हे सरकणं कसं जमवायचं, त्याबद्दल आहे.

हे कशाला करायचं, ते थोडक्यात

माझ्या वडिलांनी बी.कॉम. पत्राद्वारे केलं. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली ही सोय सुरू केली होती. घरी नोट्सची पाकिटं यायची. अडलं तर विचारणार कुणाला? बाबांना वाचनालयात तोच अभ्यासक्रम करणारे आणखी तिघे भेटले, आणि शनिवारी संध्याकाळी चौघांची बैठक बसायला लागली. जमाखर्चाचा ताळेबंद आपल्याला त्या टेबलावर कळला, असं ते अजून सांगतात.

आपल्या शहरात ही रीत त्याहून खूप जुनी आहे. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी मिळून एक सभा काढली. तिची मराठी शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक सभा, दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष. एकाने निबंध वाचायचा, बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. आजच्या ऑनलाइन वर्गातली साप्ताहिक चर्चा साधारण अशीच चालते. २०१७ साली आलेल्या 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठावरच्या अभ्यासक्रमांचे चार भाग असतात : व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वतःची चाचणी, आणि चौथा भाग शंकांची चर्चा. बहुतेक जण पहिल्या तिघांवर थांबतात. कारण उघड आहे. एनपीटीईएलमध्ये, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत, साधारणपणे २५ टक्के गुण गृहपाठाला आणि ७५ टक्के परीक्षेला असतात. चर्चेला काहीच नाही, मग कोण फिरकणार?

पहिल्या दिवशी : नियम आणि घड्याळ

चर्चेला गुण आहेत का, किती पोस्टी आणि किती उत्तरं अपेक्षित आहेत, मुदत कधीची आहे, हे पहिल्याच दिवशी कागदावर उतरवा. परदेशी विद्यापीठाचा वर्ग असेल तर वेळ कुठल्या देशाची आहे ते पाहा. '२३:५९ यूटीसी' (यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ) लिहिलं असेल, तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे ५:२९ झालेले असतात. अमेरिकेतल्या विद्यापीठाची वेळ असेल तर आणखी पुढे. आमच्या वर्गातल्या एकीने हे उलटं धरलं आणि महिनाभर विनाकारण जागरणं केली.

नंतर आठवड्यातल्या तीन वेळा ठरवून टाका, प्रत्येकी वीस मिनिटांच्या. मंगळवारी प्रश्न वाचायचा, गुरुवारी स्वतःची पोस्ट टाकायची, शनिवारी उत्तरं द्यायची. पोस्ट गुरुवारपर्यंत पडलेली असली तर लोकांना तिच्यावर बोलायला तीन दिवस मिळतात. रविवारी रात्री अकराला टाकलेली पोस्ट म्हणजे सुटत्या गाडीत फेकलेली पिशवी. पोचली तरी उघडणार कोण?

ओळख करून देताना

पहिल्या आठवड्यात सगळीकडे ओळख लिहायला सांगतात, आणि लोक नोकरीचा अर्ज लिहितात. पदव्या, अनुभवाची वर्षं, शेवटी 'नवीन शिकण्याची आवड'. यातल्या कशाला कोण उत्तर देणार? तीन गोष्टी पुरतात : कुठून येता, हा विषय का घेतला, आणि तुमची अडचण काय. आमच्या वर्गातली एक ओळख मला जशीच्या तशी पाठ आहे :

"मी दहिसरला राहते, रुग्णालयात परिचारिका आहे. वॉर्डात रोज आकडे लिहिते, त्यांचं पुढे काय होतं ते कळावं म्हणून आले. रात्रपाळीच्या आठवड्यात उशिरा लिहीन, सांभाळून घ्या. दहावीनंतर गणित केलेलं नाही."

एका दिवसात तिला अकरा उत्तरं आली. त्यातले चौघे दहावीनंतर गणिताकडे न फिरकलेलेच होते. त्यांचा एक कंपू झाला तो शेवटपर्यंत टिकला.

फोन नंबर, सोसायटीचं नाव, मुलांची शाळा, यातलं काही लिहू नका. वर्ग ओळखीचा वाटायला लागला तरी तो अनोळखी माणसांनी भरलेला असतो.

गप्प राहण्याचा हक्क, पण मुदतीचा

पहिला आठवडाभर नुसतं वाचलंत तरी चालेल. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या अभ्यासकांनी १९९१ मध्ये शिकणाऱ्यांच्या समूहांबद्दल जे मांडलं, त्यात लायबेरियातल्या शिंप्यांचं उदाहरण आहे. तिथे नवीन पोराच्या हाती आधी बटणं लावणं आणि इस्त्री करणं येतं, पुढे शिवण येते, आणि कापड कापणं सगळ्यात शेवटी. कडेला बसून किरकोळ कामं करणं हेसुद्धा शिकणंच धरलं जातं.

आपणही बटणं लावायला घ्यावीत. कुणी विचारलं की फाइल उघडत नाही, तर कशी उघडली ते सांगा. कुणी पुस्तकातला मुद्दा आणला पण पान दिलं नाही, तर पान शोधून द्या. ही एका ओळीची कामं आहेत, त्यात आपलं अज्ञान उघडं पडत नाही, आणि नाव लोकांच्या नजरेखालून जातं. दुसऱ्या आठवड्यात मात्र एक तरी पोस्ट टाकाच. मी पाहिलेल्यांपैकी जे तिसऱ्या आठवड्यापर्यंत गप्प राहिले, त्यांच्यातले फार थोडे नंतर बोलले.

स्वतःची पोस्ट

आता खरं काम. आमच्या सरांनी प्रश्न दिला होता : 'सरासरी केव्हा फसवते? आपल्या परिसरातलं एक उदाहरण द्या.' पहिल्या दिवशी आलेल्या पोस्टी साधारण अशा होत्या :

"सरासरी म्हणजे सर्व संख्यांची बेरीज भागिले एकूण संख्या. अनेक क्षेत्रांत सरासरीला महत्त्व आहे. परंतु काही वेळा ती चुकीचं चित्र दाखवते. त्यामुळे सरासरीचा वापर काळजीपूर्वक केला पाहिजे."

यात चूक दाखवण्यासारखं काही नाही. बसायलाही जागा नाही. खाली 'सहमत' सोडून कुणी काय लिहिणार? आता दुसरी पोस्ट पाहा, एका मुलीने गुरुवारी सकाळी टाकलेली (तिच्यातला 'मध्यक' म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावले की मधोमध येतो तो) :

"२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला, कुलाब्याला सुमारे ७३. दोन्हींची सरासरी ५०८.५ मिमी येते. एवढा पाऊस या दोन्हींपैकी कुठेच पडला नव्हता. मी तेव्हा सहावीत होते, साकीनाक्याला मामाकडे अडकले होते. कुलाब्याची मावशी फोनवर सांगत होती की इकडे तर काही विशेष नाही. मला अडलंय ते असं : मध्यक काढावा म्हटलं, तर दोनच आकडे असल्यामुळे तोही ५०८.५ येतो. मग किती केंद्रांचे आकडे हाताशी असले की मध्यकाचा उपयोग होतो?"

सत्तरच्या आतबाहेर शब्द असतील. एक ठाम विधान आहे, तपासता येतील असे आकडे आहेत, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट आहे, आणि शेवटी तिला खरोखर अडलेली जागा आहे. 'तुम्हाला काय वाटतं?' असा शेपटाला लावलेला प्रश्न हा नव्हे. त्याला कुणी उत्तर देत नाही, कारण विचारणाऱ्यालाच ते नको असतं. उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारा.

तुमच्या पोस्टीत या चारही गोष्टी नेहमी असतीलच असं नाही. आकडा नसेल तर वाचनसाहित्यातलं पान किंवा व्हिडिओतलं मिनिट द्या. पण पाहिलेली गोष्ट आणि अडलेली जागा, या दोन सोडू नका. हल्ली यंत्राकडून लिहून घेतलेल्या पोस्टी लगेच ओळखू येतात त्या याचमुळे : भाषा गुळगुळीत, मुद्दे पाच, आणि साकीनाक्याचा मामा कुठेच नाही. भाषा तपासायला यंत्र वापरा, पण अडलंय कुठे ते तुम्हालाच सांगावं लागेल.

लिहायचं ते आधी फोनच्या नोंदवहीत. थेट खिडकीत टाइप करत बसू नका. विक्रोळी आणि घाटकोपरच्या मध्ये नेट गेलं आणि माझी तीनशे शब्दांची पोस्ट गेली, त्या दिवशी मी डब्यातल्या कुणाशीच धड बोलले नाही.

उत्तर देताना

माझ्या मते चर्चेचा सगळा जीव उत्तरांत असतो, आणि तिथेच लोक हात राखून लिहितात. त्या पावसाच्या पोस्टीला आलेली उत्तरं सांगते.

पहिलं : "वा, छान उदाहरण!" वाचून बरं वाटतं, संवाद तिथे संपतो. कौतुक करायचंच असेल तर कशाचं ते सांगा. "मध्यकसुद्धा तोच येतो हे माझ्या लक्षात आलं नव्हतं" असं लिहिलं की लिहिणाऱ्याला आपलं नेमकं काय पोचलं ते कळतं.

दुसरं एका कॉलेजातल्या मुलाचं : "पण मग दोन्ही आकडे वेगवेगळेच का देऊ नयेत? एकच आकडा हवा असा हट्ट कुणाचा?" हे चांगलं. त्याने प्रश्नाखालचं गृहीतक उचलून समोर ठेवलं.

तिसरं महापालिकेतून निवृत्त झालेल्या एका काकांचं. त्यांनी चर्चेचा रूळच बदलला : "शहरातल्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. गटाराला दिवसाची बेरीज कळत नाही, त्याला तासाचा पाऊस कळतो. तुम्ही दोन ठिकाणांची सरासरी पाहताय, मला चोवीस तासांची सरासरी जास्त फसवी वाटते. ९४४ भागिले २४ म्हणजे तासाला ३९ मिमी. पाऊस तसा सारखा पडला असता तरी पाणी तुंबलं असतं. पण तो तसा सारखा पडलाच नव्हता."

यानंतर त्या धाग्यावर तीस-पस्तीस पोस्टी झाल्या. काकांनी काय केलं ते पाहा. तिचे आकडे घेतले, आपल्या कामातली एक गोष्ट त्यात घातली, आणि प्रश्न ठिकाणावरून वेळेवर नेला. तिला खोडलं नाही. उत्तर लिहिताना इतकंच विचारा : माझी पोस्ट काढून टाकली तर पुढच्या माणसाचं काही अडेल का?

आणखी एक. ज्या पोस्टीला आधीच दहा उत्तरं आहेत तिच्यावर अकरावं देण्याआधी खाली सरका. एकही उत्तर नसलेली पोस्ट सापडेल. तिथे लिहा.

एक अक्षर आणि दोन सर्वनामं

मराठीतल्या चर्चेचे काही खास काटे आहेत. पहिला काटा म्हणजे 'च'. "सरासरी फसवते" आणि "सरासरी फसवतेच" ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसऱ्याने दार लावून घेतलं. "असंच असतं", "हे चुकीचंच आहे", "मी तर म्हणतेच" अशा ओळी समोरासमोर बोलताना हसण्यावारी जातात, पडद्यावर त्या डोळे वटारून बसतात. पाठवण्याआधी पोस्ट एकदा नुसते 'च' शोधत वाचा, आणि निम्मे काढून टाका.

संबोधनाचं म्हणाल, तर सुरुवात 'तुम्ही'ने करा. वर्गात एकोणीस वर्षांचा मुलगा आणि त्रेसष्टचे काका एकाच यादीत असतात, नावावरून वय कळत नाही. 'आपण' फार दूरचं वाटतं, शिवाय 'आपण' म्हणजे तुम्ही की आपण सगळे, हाही घोळ होतो. काका, ताई हे समोरच्याने स्वतःहून म्हटलं तर म्हणा. आमच्याकडे एका बाईंना कुणीतरी पहिल्याच दिवशी 'मावशी' केलं. त्या त्याच्याहून चार वर्षांनी लहान निघाल्या.

मतभेद असेल तर बोट आपल्याकडे वळवा. "तुम्हाला मुद्दा कळलेला नाही" याऐवजी "मी नीट मांडलं नव्हतं बहुतेक, पुन्हा सांगते". "हे कुठून आणलंत?" याऐवजी "हा आकडा कुठे मिळेल? मला वापरायचाय." ही भिडस्तपणाची शिकवण नाही. मतभेद जरूर लिहा, नाहीतर चर्चा कशाची. फक्त माणूस बाजूला ठेवून त्याच्या विधानाशी भांडा, आणि ते विधान त्याच्याच शब्दांत उतरवून मग भांडा. निम्मी भांडणं आपण चुकीचं वाचलेलं असतं म्हणून होतात.

स्वतःचं चुकलं तर पोस्ट पुसू नका. खाली 'दुरुस्ती' असं लिहून बरोबर काय ते लिहा. पुसलीत तर तुम्हाला उत्तर दिलेली माणसं हवेत बोलत राहिल्यासारखी दिसतात.

आणि दुसऱ्याचं शुद्धलेखन चारचौघांत सुधारू नका. ऱ्हस्व-दीर्घाच्या धाकाने गप्प बसलेली माणसं मी पाहिली आहेत. ज्यांना देवनागरी टाइप करायचा कंटाळा आहे त्यांनी बोलून लिहावं, फक्त पाठवण्याआधी वाचावं. आमच्या एका मित्राने गाडीत उभ्या उभ्या बोलून पाठवलं होतं, "मद्य काढायला आधी सगळ्यांची बेरीज करावी." म्हणायचं होतं 'मध्य', म्हणजे सरासरी. तो शब्द वर्षभर टिकला.

प्रश्न विचारताना

लेडीज डब्यात उभी असलेली बाई "बसायला मिळेल का?" असं विचारत नाही. "कुठे उतरणार?" विचारते, आणि दोन शब्दांत तिला हवं ते कळतं. वर्गात मात्र आपण लिहितो, "सर, तिसरा भाग समजला नाही." सर तरी काय करतील?

पवईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात प्रश्न टाकताना तो कुठल्या पाठातल्या कितव्या मिनिटाचा आणि सेकंदाचा आहे, ते विचारतात. ही सवय कुठल्याही वर्गात लावून घ्या. "तिसऱ्या व्हिडिओत ७ मिनिटं ४० सेकंदांवर सरांनी n ऐवजी n उणे १ ने भागलं. मी n ने भागून पाहिलं, उत्तर थोडं लहान आलं. एक का वजा करायचा?" कुठे, काय करून पाहिलं, कुठे अडलं. असा प्रश्न लिहिता लिहिता तीनातला एक आपोआप सुटतो, हा माझा अनुभव. सुटला तरी टाका, आणि उत्तरही टाका. तिथेच अडलेला आणखी कुणीतरी असतो.

थेट वर्गात

याबद्दल फार लिहीत नाही. माइक बंद ठेवा, कुकरच्या शिट्ट्या सगळ्यांच्या घरी होतात. बोलायला अवघड वाटत असेल तर चॅटमध्ये लिहा. प्रश्न विचारून झाल्यावर शिक्षक सरासरी एखादंच सेकंद थांबतात आणि ते तीन सेकंदांवर नेलं तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात, हे मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवलं होतं. ऑनलाइन वर्गात माइक चालू करण्यातच दोन सेकंद जातात. म्हणून तुम्हीही कुणाला प्रश्न केलात तर मनात पाचापर्यंत मोजा, मग पुढे बोला.

व्हॉट्सॲपचा गट

तो होणारच, अडवू नका. पण सगळी चर्चा तिकडे वाहून गेली की जे गटात नाहीत त्यांचा वर्ग मुका होतो, आणि मिळालेली उत्तरं शुभ सकाळच्या फुलांखाली गाडली जातात. आम्ही एक नियम केला : मुदतीची आठवण, 'आज वर्ग आहे का' वगैरे गटावर. विषयातला प्रश्न आला की "वर्गात टाक, तिथे उत्तर देते." पहिले पंधरा दिवस हे कटकटीचं वाटलं. आणि तयार उत्तरांचे फोटो फिरायला लागले तर कुणीतरी एकाने स्पष्ट सांगावं लागतं. मी सांगितलं होतं. दोघींनी माझ्याशी बोलणं टाकलं, एक नंतर परत बोलायला लागली.

आठवड्याची गाठ

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००० च्या आसपास अशा वर्गांच्या चर्चा तपासल्या. प्रश्न पडतो, लोक मतं आणि माहिती आणून टाकतात, आणि बहुतेक चर्चा तिथेच अडकते. आणलेलं एकत्र जोडण्यापर्यंत फार थोड्या पोचतात. आमच्याकडेही तेच चाललं होतं.

उपाय भिशीतून सुचला. नावांच्या चिठ्ठ्या केल्या, दर शनिवारी एक काढायची. ज्याचं नाव निघेल त्याने रविवारी दुपारपर्यंत सार लिहायचं, दीडशे शब्दांत : आपलं कशावर जमलं, कशावर नाही, कुठला प्रश्न उघडा राहिला, आणि कुणाच्या कुठल्या पोस्टीमुळे चर्चा वळली. नावं घालणं सक्तीचं. पावसाच्या आठवड्याचं सार दहिसरच्या परिचारिकेकडे आलं. तिने शेवटी लिहिलं की वॉर्डात ताप दिवसाची सरासरी काढून कुणी लिहीत नाही, दर चार तासांनी लिहितात, त्याचं कारण आपल्याला गटारावरून कळलं.

दर आठवड्याचं सार एका फाइलीत उतरवून ठेवा. अभ्यासक्रम संपला की बऱ्याच ठिकाणी काही दिवसांत लॉगिन बंद होतं आणि सगळी चर्चा त्याच्याबरोबर जाते. स्वतःच्या पोस्टी आणि आठवड्यांचं सार मुदतीच्या आत उतरवून घ्या. दुसऱ्याचं लिखाण नावासकट बाहेर कुठे टाकायचं असेल तर आधी त्याला विचारा.